साभार परत : मराठी कथा, मासिकाचा संपादक आणि मराठवाड्यातील लेखक

मराठी कथेचा इतिहास हा छापल्या गेलेल्या कथांचा इतिहास आहे. कथासंग्रहाच्या आरंभीचे ऋणनिर्देशाचे पान पाहिले तरी हे लक्षात येते. संग्रहातील कथा पूर्वी कोणकोणत्या मासिकांतून व दिवाळी अंकांतून प्रसिद्ध झाल्या ते तेथे सांगितलेले असते आणि त्या संपादकांचे आभार मानलेले असतात. तीच कथा त्यापूर्वी कोणी परत केली, का परत केली आणि परत आल्यानंतर लेखकाने तिच्यात काय बदलले, याची नोंद मात्र त्या पानावर नसते. समीक्षेनेही ती शोधण्याचे फारसे मनावर घेतलेले नाही. वास्तविक कथा हा नियतकालिकाच्या आश्रयाने वाढलेला वाङ्मयप्रकार आहे. कादंबरी प्रकाशकाकडे थेट जाऊ शकते, कविता वहीत राहूनही मैफलीत पोहोचते. कथेला मात्र संपादकाच्या मेजावरूनच जावे लागले. त्यामुळे संपादकाचा नकार ही मराठी कथेच्या घडणीतील एक वाङ्मयीन घटना आहे असे मानून तिचा विचार करणे आवश्यक ठरते. मराठवाड्यातील, त्यातही जळकोट-उदगीरसारख्या सीमेलगतच्या भागातील कथालेखनाच्या संदर्भात तर हा प्रश्न केवळ लेखकाच्या मनोधैर्याचा राहत नाही. तो भाषेचाही होतो.

'साभार परत' हा शब्दप्रयोगच मुळात पाहण्यासारखा आहे. आभार कशाचे, तर लेखन पाठविल्याचे. परत का, ते सांगितलेले नाही. या दोन शब्दांत सौजन्य पूर्ण आहे आणि माहिती शून्य आहे. म्हणूनच लेखकांच्या बोलण्यात तो थट्टेचा विषय झाला. कथा 'साभार आली' एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. छापील चिठ्ठी सर्वांना सारखीच. ज्याची कथा थोडक्यात हुकली त्यालाही तीच आणि ज्याला कथेचा गंधही नाही त्यालाही तीच. नवोदिताच्या दृष्टीने नकारापेक्षा हा सारखेपणा अधिक गोंधळात टाकणारा होता.

मासिकांची रीत ठरलेली होती. कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे. स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी. नकार आल्यास लेखन परत हवे असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेले व पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे. नकार येण्याचा खर्च लेखकाने आगाऊ भरून ठेवावयाचा, असा हा व्यवहार होता. संपादकांच्या बाजूने पाहता तो गैरही नव्हता, कारण मासिकांचे अर्थकारण तोळामासा. परंतु शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगारातून कथा लिहिणाऱ्याला ही तिकिटे मोजावी लागत.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर होता. निजामाच्या राज्याला स्वतःचे चलन होते, 'हाली सिक्का', आणि स्वतःचे टपाल खातेही होते. त्या तिकिटांची वैधता संस्थानाच्या हद्दीपुरती असे. शालेय व उच्च शिक्षणावर उर्दूचा वरचष्मा होता, मराठी ग्रंथव्यवहार तुटपुंजा होता आणि ज्यांच्या पसंतीवर कथा कथा ठरत होती ती मासिके पुण्या-मुंबईत निघत होती. म्हणजे मराठी लेखकाला आपली कथा दुसऱ्या राज्यात पाठवावी लागत होती, हे अक्षरशः खरे आहे. परभणीत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत लिहिणारे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) हे या काळातील मोठे नाव. 'साकी', 'फकिराची कांबळी' यांसारख्या संग्रहांतील त्यांच्या कथा आज मराठी कथेच्या प्रवाहात महत्त्वाच्या मानल्या जातात. ही मान्यता त्यांना मराठवाड्याबाहेर किती उशिरा आणि किती हात राखून मिळाली, हे अभ्यासकांना माहीत आहे. उदगीर तालुका तेव्हा बिदर जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात आला, १९८२मध्ये लातूर जिल्हा झाला आणि १९९९मध्ये जळकोटला स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळाला. प्रशासनाचे केंद्र असे हळूहळू गावाजवळ सरकत आले. वाङ्मयाचे केंद्र त्या गतीने सरकले नाही. ज्या १९८२मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी 'सत्यकथा' बंद पडले, हा निव्वळ योगायोग असला तरी नोंदविण्याजोगा आहे.

'सत्यकथा'चा विचार येथे थोडा विस्ताराने करावा लागतो. 'करमणूक' (१८९०) आणि 'मनोरंजन' (१८९५) यांपासून मराठी कथा नियतकालिकांत वाढत होती. 'मनोरंजन'ने १९०९मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली. परंतु कथा परत करण्यालाही एक वाङ्मयीन दर्जा असू शकतो, हे १९३३मध्ये सुरू झालेल्या 'सत्यकथे'ने श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनकाळात दाखवून दिले. या संपादकांची पत्रे हा मराठी वाङ्मयव्यवहारातील दंतकथेचा विषय झाला आहे. कथेचा शेवट का लटका वाटतो, एखादे पात्र कोठे लेखकाच्या सोयीने बोलते, कोणता परिच्छेद काढला तर कथा सावरेल, हे ते लेखकाला कळवीत. पुनर्लेखन सुचवीत आणि पुन्हा आलेली कथा पुन्हा परत करण्यास कचरत नसत. नवकथेचे अनेक विशेष, म्हणजे घटनेपेक्षा मनोव्यापाराकडे असलेला कल, शब्दांची काटकसर, शेवटाची धक्कातंत्रापासून झालेली सुटका, हे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या प्रतिभेचे जेवढे फळ, तेवढेच या संपादकीय आग्रहानेही ते रुजविले.

अशा पत्राची किंमत कोठे जास्त होती? मुंबईत कथा परत आलेला लेखक संध्याकाळी कोणाकडे तरी जाऊन ती वाचून दाखवू शकत होता. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला तो पर्याय फारसा नव्हता. त्याच्या कथेविषयी जाणत्या माणसाने लिहिलेल्या पहिल्या चार ओळी बहुधा त्या नकाराच्या पत्रातच असत. छापील कथेवर समीक्षा होते, परंतु तोवर कथा हाताबाहेर गेलेली असते. कथा अद्याप बदलता येण्याजोगी असतानाच लिहिली जाणारी समीक्षा म्हणजे संपादकाचे पत्र. या अर्थाने कारणासह दिलेला नकार ही मराठीतील सर्वांत उपयुक्त, आणि सर्वांत कमी अभ्यासलेली, उपयोजित समीक्षा होय.

मात्र या समीक्षेलाही तिचे कान होते आणि कान कोठे तयार झाले याला महत्त्व आहे. 'सत्यकथा'ने ग्रामीण बोली नाकारली असा एक सरसकट आरोप केला जातो. तो टिकत नाही. शंकर पाटील, आनंद यादव यांची बोलीतील कथा या वर्तुळात मानाने वावरली. यादवांचा 'खळाळ' (१९६७) हा बोलीच्या शक्यता ताणून पाहणारा संग्रह याच काळातला. खरा प्रश्न वेगळा आहे. पाटील पट्टणकोडोलीचे, यादव कागलचे, माडगूळकर माणदेशातले, द. मा. मिरासदार अकलूजचे. पश्चिम महाराष्ट्राच्या, विशेषतः कोल्हापूरकडच्या बोलीने ग्रामीण मराठीचे प्रमाणरूप बनण्याचा मान मिळविला. चित्रपटाने आणि वगनाट्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. परिणामी 'ग्रामीण' म्हणजे कसे बोलणे, याचा एक साचा संपादकाच्या, मुद्रितशोधकाच्या आणि वाचकाच्या कानात तयार झाला. मराठवाड्यातील लेखकाची बोली प्रमाण मराठीहून निराळी असल्यामुळे अडली असे नव्हे; ती ग्रामीण मराठीच्या प्रमाणरूपाहूनही निराळी होती.

एक साधे उदाहरण पुरेसे आहे. लातूर-नांदेड-उदगीरच्या पट्ट्यात 'काय करूलालास?' असे विचारतात. याचा अर्थ 'काय करतो आहेस?' असा आहे. रूपाची व्युत्पत्ती उघडच 'करू लागलास' या रचनेशी जोडता येते. परंतु प्रमाण मराठीत 'करू लागलास' म्हणजे क्रियेचा आरंभ, आणि या बोलीत 'करूलालास' म्हणजे क्रिया चालू असणे. पुण्याच्या मुद्रितशोधकाने सद्भावनेने ते रूप 'करू लागलास' असे सुधारले तर वाक्य शुद्ध होते आणि अर्थ बदलतो. दारात येऊन सहज चौकशी करणारी शेजारीण मग कशाचा तरी जाब विचारणारी वाटू लागते. तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू यांच्या शेजाराने आलेले शब्द ही तर पुढची गोष्ट. शब्दांना तळटीप देता येते, क्रियापदाच्या काळाला ती देता येत नाही. असा मजकूर परत करताना 'भाषा कृत्रिम वाटते' हा शेरा संपादकाच्या प्रामाणिकपणातूनही येऊ शकतो, आणि तरीही तो चुकीचाच असतो.

येथे नकाराचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक, कथा कच्ची असल्यामुळे आलेला. दुसरा, कथा वाचणाऱ्याच्या अनुभवविश्वाबाहेरची असल्यामुळे आलेला. छापील चिठ्ठी या दोहोंत भेद करीत नाही. म्हणूनच ती लेखकाला दोन्ही बाजूंनी फसवू शकते. कच्ची कथा लिहिणारा आपण उपेक्षित आहोत असे समजून सुधारण्याचे टाळतो आणि नवी भाषा आणणारा आपण कच्चे आहोत असे समजून ती भाषाच पुसून टाकतो. मराठवाड्यातील साहित्यचर्चेत पहिल्या प्रकारचे लेखक दुसऱ्या प्रकारच्या लेखकांच्या दुःखाचा आधार घेताना अनेकदा दिसतात, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर रा. रं. बोराडे (१९४०-२०२५) यांचा प्रवास बोलका आहे. लातूर जिल्ह्यातील काटगाव हे त्यांचे जन्मगाव. 'पेरणी' (१९६२), 'मळणी' या संग्रहांनी त्यांची कथाकार म्हणून ओळख झाली. तरीही बोलीचा पूर्ण स्वीकार त्यांनी केला तो 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत. तेथे शिंप्याच्या बायकोच्या तोंडून संपूर्ण निवेदन येते आणि प्रमाण मराठी बोलणारा निवेदक मध्ये राहतच नाही. कथेत संवादापुरती असलेली बोली कादंबरीत निवेदनापर्यंत पोहोचावी, हा निव्वळ वाङ्मयप्रकाराचा भाग आहे की मासिकांनी जोपासलेल्या अभिरुचीचाही त्यात वाटा आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे. भास्कर चंदनशिव यांच्या 'जांभळढव्ह' (१९८०), 'मरणकळा' आणि 'अंगारमाती' या संग्रहांपर्यंत येताना परिस्थिती पालटलेली दिसते. 'लाल चिखल'मधील बाजारात मातीमोल होणारे टोमॅटो आणि बापाचा संताप यांना तळटीप लागली नाही, कारण तोवर ग्रामीण साहित्याच्या चळवळीने वाचकाचे कान बदलले होते. कथा बदलली नाही तर वाचक बदलावा लागतो, आणि त्याला दशके लागतात.

कारणासह लिहिलेले पत्र ही केवळ मुंबईची मिरासदारी नव्हती. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाई यांना शिवचरित्राविषयी लिहिलेले प्रदीर्घ पत्र 'श्रीमान योगी'ला (१९६८) प्रस्तावना म्हणून जोडले गेले. मराठवाड्यातील वाचकाने पश्चिम महाराष्ट्रातील प्रतिष्ठित लेखकाला पुराव्यानिशी, आडपडदा न ठेवता लिहिलेले हे पत्र आहे. ते नकाराचे पत्र नाही, परंतु लेखनाच्या घडणीत हस्तक्षेप करणारी समीक्षा कशी असते याचा तो उत्तम नमुना आहे. तशी पत्रे लिहू शकणारी माणसे येथे होती. त्यांच्या हाती कथा स्वीकारणारे प्रभावी मासिक नव्हते.

नकाराला सामूहिक उत्तरही दिले गेले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्या 'शब्द'पासून अशोक शहाणे यांच्या 'असो', नेमाडे यांच्या 'वाचा'पर्यंतची अनियतकालिके आणि १९६९मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली 'सत्यकथे'ची होळी हा इतिहास परिचित आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' आणि गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' (१९६७) ही दोन नावे निर्णायक ठरतात. 'अस्मितादर्श' केवळ नकारातून जन्मले असे म्हणणे त्याच्या वैचारिक भूमिकेवर अन्याय करणारे होईल. तरी दलित लेखकाच्या अनुभवाला 'कलात्मक अंतर नाही' अशा कसोटीवर परत करणाऱ्या व्यवस्थेसमोर त्याने वेगळी कसोटी उभी केली, हे नाकारता येत नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे पत्ता म्हणून मराठी लेखकाच्या पाकिटावर येऊ लागले, ही घटनाच मोठी आहे.

या बंडाची एक किंमतही मोजावी लागली. आपल्या माणसांचे आपण काढलेले नियतकालिक नकार द्यायला संकोचते. चळवळीच्या पहिल्या पिढीत निवडीची धार होती, कारण तिचे संपादक स्वतः कठोर वाचक होते. पुढे गावोगावी निघालेल्या अंकांत ती राहिली नाही. महाविद्यालयाच्या वार्षिकांकाप्रमाणे आलेले सर्व छापले जाऊ लागले. नकाराचा अन्याय संपला, पण त्याबरोबर कथा बारकाईने वाचणारा माणूसही गेला.

भालचंद्र नेमाडे यांनी कथेला क्षुद्र वाङ्मयप्रकार ठरविले त्यामागेही नियतकालिकांच्या मागणीबरहुकूम होणाऱ्या उत्पादनाविषयीचा राग आहे. दिवाळी अंकाच्या पानांच्या हिशेबाने कथा बेतली जाते, हे त्यांचे निदान बव्हंशी खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. मागणीने बिघडते ती नामांकित लेखकाची कथा, कारण ती मागवून घेतलेली असते आणि परत जात नाही. न मागता पाठविलेली, परत येऊन पुन्हा लिहिली गेलेली कथा त्या व्यवहाराच्या बाहेर असते. संपादकाची लुडबुड नेहमीच हितकारक असते असा याचा अर्थ नाही. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१च्या गाजलेल्या संग्रहात गॉर्डन लिश यांनी काही कथा निम्म्याहून अधिक छाटल्या होत्या. मूळ खर्डे २००९मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा कोणता कार्व्हर खरा, हा वाद नव्याने पेटला. पण तो वाद घालता आला, कारण दोन्ही पाठ जपलेले होते.

आज पाकीट आणि तिकीट दोन्ही गेले. १ सप्टेंबर २०२५पासून नोंदणीकृत टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. कथा ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये जाते, क्षणात पोहोचते आणि बहुधा तिचे उत्तर येत नाही. काही संपादक आजही आस्थेने कळवितात. परंतु 'अमुक मुदतीत उत्तर न आल्यास नकार समजावा' ही सूचना अनेक ठिकाणी 'साभार परत'ची जागा घेऊन बसली आहे. छापील चिठ्ठीत निदान पाकीट उघडले गेल्याचा पुरावा असे. आता कथा वाचली गेली की नाही, हेच कळत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांना याची दुसरी बाजू अधिक परिचयाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीनंतर शोधलेखांना गुण मिळू लागले आणि शुल्क भरताच लेख छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आळा घालण्यासाठी २०१८मध्ये आलेली 'केअर' यादी २०२५मध्ये मागे घेतली गेली. ज्या नियतकालिकाकडून काहीच परत येत नाही त्यात छापून येण्याला काय अर्थ उरतो, हे मराठीच्या अध्यापकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तोच अध्यापक सुटीत कथा लिहितो. तिला गुण नाहीत, तिला तज्ज्ञ-परीक्षण नाही, आणि दोन वर्षे उत्तर आले नाही की ती इतर दहा कथांबरोबर स्वखर्चाने संग्रहात जाते. मग संग्रहाचे प्रकाशन होते, त्यावर गौरवपर भाषणे होतात. कथेतील जो परिच्छेद काढायला हवा होता तो तसाच राहतो.

एप्रिल २०२२मध्ये उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्षपदी भारत सासणे होते, म्हणजे दीर्घकथेची कास सातत्याने धरणारे लेखक. त्यापूर्वी २०१६मध्ये परभणी जिल्ह्यातील आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. त्यांच्याही कथा मासिकाच्या ठरीव पानसंख्येत सहजी न मावणाऱ्या. जळकोटहून तासाभराच्या अंतरावर संमेलनाचा मंडप उभा राहिला, तेव्हा मराठवाड्याच्या कथेला प्रवेश मिळतो की नाही हा प्रश्न जुना झाला होता. या भागातील लेखकांच्या घरी, पत्र्याच्या पेट्यांत, परत आलेल्या कथांच्या प्रती अजूनही असतील. टाचणीचा गंज उतरलेल्या, समासात शिसपेन्सिलीच्या खुणा असलेल्या. 'करूलालास'खाली रेघ ओढून कोणी प्रश्नचिन्ह केले आणि त्यावर लेखकाने काय केले, हे फक्त त्याच कागदांवरून कळू शकते. लेखकाच्या पश्चात हे कागद प्रथम रद्दीत जातात. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्यांच्यासाठी आजवर कपाट केलेले नाही.